शेवंतीची रात्र



मागील दोन खेपांस या सदरात आम्ही गवती चहा व कढीपत्ता यांविषयी चार शब्द लिहिले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत, जणू एकमेकींस विचारून लिहिल्याप्रमाणे, एकच तक्रार आहे : "फादर, आमच्या अंगणातील शेवंती हिरवीगार आहे, कमरेइतकी वाढली आहे, पण तिला कळी म्हणून धरत नाही. काय करावे?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. परंतु ते कसे ठाऊक झाले ही हकीकत सांगितल्यावाचून नुसते उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण त्या हकीकतीत आमची स्वतःची एक चूक आहे, आणि ती केवळ बागकामातील नव्हे.

प्रथम शेवंतीची ओळख करून घेऊ. सूर्यफूल, झेंडू, झिनिया आणि बांधावरचा माका यांच्या कुळातील ही वनस्पती. या कुळाची खूण अशी की, ज्यास आपण एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक इवल्या फुलांचा मेळा असतो. कडेचे प्रत्येक लांबट दल हे एक फूल आणि मधल्या पिवळ्या चकतीतील प्रत्येक ठिपका हेही एक फूल. एकेरी शेवंतीत ही चकती स्पष्ट दिसते. दुहेरीत कडेच्या दलांची दाटी होऊन ती झाकून जाते. दुसरे असे की, झेंडू बी देऊन त्याच हंगामात मरतो. शेवंती तशी मरत नाही. फुले सरल्यावर तिचा वरचा भाग वाळतो, पण बुंधा व मुळे जमिनीत जिवंत राहतात आणि त्यांतून नवे कोंब वर येतात. या कोंबांना आपले शेतकरी काश्या म्हणतात. एकदा घरात आलेली शेवंती नीट सांभाळली, तर ती सासूकडून सुनेकडे जाऊ शकते.

तिचे मूळ घर चीन. तेथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिची लागवड होत आली आहे. तेथून ती जपानात गेली आणि सोळा दलांची शेवंती ही तेथील राजघराण्याची मुद्रा झाली. १७८९ साली मार्सेय बंदरातील ब्लँकार नावाच्या व्यापाऱ्याने ती फ्रान्समध्ये आणली. युरोपात इतर फुले संपत आली असता ही फुलते, म्हणून फ्रान्स, इटली इत्यादी देशांत नोव्हेंबरच्या आरंभी कबरीवर वाहावयाचे फूल तेच ठरले; इतके की, तेथे कोणाच्या घरी भेट म्हणून शेवंती नेणे बरे मानीत नाहीत. आपल्याकडे तसा संकेत नाही. आपल्याकडे ती वेणीत असते, हारात असते, लग्नमंडपात असते आणि वेदीवरही असते. तथापि २ नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा स्मरणदिन, आपल्याही शेवंतीच्या हंगामातच येतो. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी क्लूनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांसाठी नेमून दिलेला हा दिवस पुढे सबंध ख्रिस्तसभेने स्वीकारला.

आमचे धर्मग्राम खानापूर तालुक्याच्या रानाकडील बाजूस आहे. दफनभूमीत दगडी कबरी थोड्या. बहुतेक मातीचे उंचवटे आणि त्यांवर लाकडी क्रूस. आमच्याकडील तीनचार पावसाळे खाल्ले की लाकडी क्रूस कुजतो, आणि मग कोणाची माती कोठे आहे हे घरच्यांनाच काय ते ठाऊक. कित्येकांची घरची माणसे मुंबई-पुण्यास गेलेली. कित्येकांचे कोणीच उरलेले नाही. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कबरी आशीर्वादित करीत फिरताना काही उंचवट्यांवर हारांची रास दिसे आणि काहींवर एक पाकळीही नसे. म्हणून २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दफनभूमीतील दगडी क्रूसाच्या दोन्ही अंगांस शेवंतीचा एक लांब वाफा करविला. हेतू हा की, त्या दिवशी प्रत्येक मातीवर, मग ती कोणाचीही असो, निदान एक फूल पडावे. काश्या कोठून आणाव्यात असे आम्ही म्हणताच आमचा सॅक्रिस्तन दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटात बांधून पन्नासएक काश्या घेऊन आला व त्याने त्या स्वतःच्या हातांनी लावल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दफनभूमीच्या फाटकाशी एक दिवा आला. त्यास कारण होते. पावसाळ्यात वाटेवर साप निघत. शिवाय रात्री काही टवाळ मंडळी भिंतीच्या आडोशास बाटल्या घेऊन बसू लागली होती. गावाने वर्गणी केली आणि खांबावर मोठा एलईडी दिवा बसविला. तो अंधार पडताच आपोआप लागे आणि उजाडताच आपोआप मालवे. सर्वांना समाधान वाटले, आम्हांसही वाटले.

शेवंती जोमाने वाढली. गणपतीचे दिवस गेले, दसरा गेला, ऑक्टोबर सरत आला. गावातील अंगणांत कळ्या रंग दाखवू लागल्या, परंतु आमच्या वाफ्यात पाने आणि पानेच. आम्ही शेणखत वाढविले. मग खत जास्त झाले असेल म्हणून पाणी तोडले. मग कीड असेल म्हणून कडुनिंबाचे तेल फवारले. अखेर सर्व उपाय थकल्यावर माणूस जे करतो तेच आम्ही केले. दोष देण्यास कोणी तरी शोधला. सॅक्रिस्तनास चार माणसांदेखत आम्ही म्हणालो, "रोपे आणताना पाहून आणावीत. वांझ जात आणून लावलीस आणि वर्ष फुकट घालवलेस." तो काही बोलला नाही. घंटेची दोरी हातात होती, ती त्याने जागेवर अडकविली आणि तो गेला.

२ नोव्हेंबरला वाफ्यात फुले होती ती केवळ सहा रोपांवर, दगडी क्रूसाच्या मागील बाजूस. ती आम्ही खुडून क्रूसाच्या पायथ्याशी ठेविली. इतर मातींवर घरोघरची फुले पडली. सॅक्रिस्तन आपल्या आईच्या मातीपाशी मेणबत्ती लावून उभा होता. तेथे फूल नव्हते. ती बाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारली होती, आम्हीच तिला माती दिली होती. त्याने आमच्याकडे फुले मागितली नाहीत, आणि आम्हांस ती द्यावीत असे सुचले नाही.

त्यानंतर आठवड्याने गावातील एक वृद्ध आजी मिस्सा आटोपल्यावर आमच्यापाशी आल्या. "फादर, क्रूसामागची फुलली, बाकीची नाही. का ते बघितलंत?"

"तिथली माती चांगली असेल, आजी."

"माती तीच. रात्री जाऊन सावली बघा. ह्या दिव्यानं बाकीच्यांना निजू दिलं नाही. माझ्या लेकानं अंगणात ट्यूब लावली, तेव्हापासून माझी शेवंती पण अशीच झाली." आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "त्या पोराला उगाच बोललात. त्याच्या आईची शेवंती सगळ्या गावाला ठावी आहे. तिच्या परसातल्याच त्या काश्या."

रात्री नऊ वाजता आम्ही दफनभूमीत गेलो. फाटकाच्या दिव्याने वाफा लख्ख उजळला होता. क्रूसाच्या चौथऱ्याची काळी सावली मात्र वाफ्यावर आडवी पडली होती, आणि जी सहा रोपे फुलली होती ती सहाही त्या सावलीत होती. सातवे उजेडात होते, आणि त्यास कळी नव्हती.

आजींनी जे अंगणात पाहिले, ते शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पाहिले आहे. अमेरिकेच्या शेतीखात्यातील गार्नर व अ‍ॅलर्ड या दोघांनी १९२० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे तंबाखूची एक जात होती. तंबाखू हे पीक निपाणीमुळे आपणांस परके नाही. ही जात उन्हाळ्यात माणसाहून उंच वाढे पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र लहानपणीच फुले. त्यांनी उन्हाळ्यात रोज दुपारनंतर काही रोपे अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेविली, आणि ती उन्हाळ्यातही फुलली. म्हणजे झाड दिवसाची लांबी ओळखते. पुढे १९३८ साली हॅम्नर व बॉनर यांनी एका काटेरी फळांच्या रानतणावर प्रयोग करून दाखविले की, झाड खरोखर मोजते ती रात्र. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी ते तण फुलेना. उलट दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काहीच बिघडेना. रात्र लांब हवी, आणि ती अखंड हवी. ही मोजणी पाने करतात, आणि पुरेशा रात्री मोजल्यावर शेंड्याकडे कळी धरण्याचा निरोप जातो.

शेवंती याच जातकुळीची आहे. बेळगावच्या बाजूस जूनअखेर दिवस सुमारे तेरा तासांचा असतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो साडेअकरा तासांवर येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रात्र वाढत जाते तशी आपली गावठी शेवंती पाने वाढविणे आवरते घेऊन कळीच्या उद्योगास लागते. आमच्या वाफ्यासाठी मात्र ऑगस्टनंतर रात्र उगवलीच नव्हती. व्यापारी बागायतदार हेच ज्ञान उपयोगात आणतात : फूल उशिरा हवे असल्यास ते मध्यरात्रीच्या सुमारास तीनचार तास शेतात दिवे लावतात, आणि हंगाम साधावयाचा झाला की मालवतात. ते जे हेतूने करतात ते आम्ही अजाणता केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सॅक्रिस्तनाकडे गेलो. ज्या चार माणसांदेखत त्यास बोललो होतो, त्यांपैकी तिघे तेथे येतील अशी व्यवस्था केली आणि त्यांच्यासमक्ष त्याची क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, "असू दे, फादर. रोपं जिवंत आहेत ना?" त्याच दुपारी त्याने व लोहाराने मिळून दिव्यास पत्र्याचा आडोसा केला. उजेड फाटकावर व वाटेवर पडतो. वाफ्यावर पडत नाही. सापांची भीती गेली ती गेलीच आणि शेवंतीस तिची रात्र मिळाली. नऊ आठवड्यांनी, २०२४ च्या जानेवारीच्या मध्यास, वाफा पिवळाजर्द झाला. पहिली ओंजळ त्याने आईच्या मातीवर ठेविली. त्या वर्षी २ नोव्हेंबरला एकही माती फुलावाचून राहिली नाही.

आता लागवडीकडे वळू. ज्या घरास आपल्या माणसांसाठी घरची फुले हवीत, त्यांस दहाबारा रोपे पुरतात. मेअखेर किंवा पहिला पाऊस पडताच काश्या लावाव्यात. काशी बोटभर लांब, मुळासकट आणि कोवळी असावी. जून, पोकळ खोडाची घेऊ नये. काशी न मिळाल्यास निरोगी शेंड्याचा चार बोटे लांबीचा तुकडा ओल्या वाळूत सावलीस लावावा. दोनतीन आठवड्यांत तो मुळे धरतो.

जागा निवडताना दिवसा पाचसहा तास ऊन मिळेल आणि रात्री अंधार राहील अशी निवडावी. रात्री त्या जागी उभे राहून वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत असतील, तर जागा बदलावी. ओट्यावरचा दिवा, रस्त्याचा दिवा, शेजाऱ्यांच्या फाटकावरचा दिवा या सर्वांचा विचार करावा. जागा बदलणे अशक्य असल्यास रोप कुंडीत किंवा तेलाच्या डब्यात लावून घराच्या मागील अंधाऱ्या बाजूस न्यावे. दिव्यास आडोसा केला तरी चालते.

आमच्याकडील पाऊस हा शेवंतीचा मोठा शत्रू. पाणी साचले की मूळ कुजते आणि एका आठवड्यात रोप काळे पडते. म्हणून वाफा वीतभर उंच करावा आणि जांभ्याच्या चिकट मातीत मुरलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे, म्हणजे वारा खेळतो व पानांवरील काळे ठिपके कमी होतात. लावल्यापासून महिन्याभराने, रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. खुडताना हात कचरतो. परंतु एक शेंडा खुडला तर चारपाच फांद्या फुटतात आणि फुलेही त्याच प्रमाणात वाढतात. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र खुडू नये, नाही तर आपण कळ्याच खुडू. रोपांस बारीक काठीचा आधार द्यावा. कळी दिसू लागल्यावर खत थांबवावे. पाणी सकाळी व बुंध्याशीच द्यावे, पानांवर ओतू नये. ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण कालवून संध्याकाळी फवारावे.

ज्यांस नाताळच्या वेदीसाठी शेवंती हवी, त्यांनी काही कुंड्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रात्री दिव्याखाली ठेवाव्यात व मग अंधारात न्याव्यात. तेथून नऊदहा आठवडे मोजावेत. असा दिवा मग दोष राहत नाही, साधन होतो.

फुले सरल्यावर पुष्कळ जण रोप उपटून उकिरड्यावर टाकतात, ते करू नये. जमिनीपासून चार बोटे ठेवून खोड कापावे, बुंध्याशी मातीची भर घालावी आणि उन्हाळाभर मरणार नाही एवढे पाणी देत राहावे. वर वाळका खुंट दिसतो, पण खाली काश्या फुटत असतात. एका बुंध्याच्या अनेक काश्या होतात. म्हणून शेवंती विकत आणण्याची वस्तू नव्हे, मागण्याची व देण्याची आहे. दोनतीन वर्षांनी जागा बदलावी, म्हणजे जुन्या मातीतील रोग नव्या काश्यांस धरत नाही.

उपयोगाविषयी थोडी सावधगिरी सांगणे जरूर आहे. चीनमध्ये शेवंतीची वाळवलेली फुले गरम पाण्यात घालून पितात हे खरे. परंतु ती त्या कामासाठी वाढविलेली फुले असतात. बाजारातील हाराच्या फुलांवर औषधे फवारलेली असतात, त्यांचा काढा कोणी करू नये. तसेच शेवंतीची पाने चुरडून लावल्याने हा रोग जातो, तो रोग जातो असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागून दवाखाना लांबणीवर टाकू नये. शेवंती कापताना काहींच्या हातांस खाज सुटते, पुरळ उठते. १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम आढळलेले आणि आज प्रत्येक रस्त्याकडेस माजलेले गाजर गवत हे याच कुळातील आहे. ज्यांस त्याचा त्रास होतो, त्यांस शेवंतीचाही होऊ शकतो. अशांनी हातमोजे घालावेत. हारवेणीसाठी फुले सकाळी, दंव सुकल्यावर खुडावीत आणि ओल्या फडक्यात ठेवावीत. दोनतीन दिवस टिकतात.

ज्या तीन भगिनींनी पत्रे लिहिली, त्यांनी आज रात्री अंगणात जाऊन पाहावे. बहुधा रोपात दोष नाही, मातीत नाही, आणि ज्याने काशी दिली त्याच्यात तर मुळीच नाही. डोक्यावर कोणता दिवा आहे ते पाहावे. आपण चांगल्या हेतूने लावलेला उजेड कोणावर पडतो, हे एकदा अंधारात उभे राहूनच कळते.

यंदाही आमच्या वाफ्यात काश्या पुष्कळ फुटल्या आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर सॅक्रिस्तन त्या वाटणार आहे. मूल्य काही नाही. येताना ओले गोणपाट आणावे, आणि काश्या कोणाच्या परसातल्या ते त्यास अवश्य विचारावे. सांगताना त्यास आनंद होतो.